चलनी नोटेची पारख : संग्रहालयदर्शन आणि वर्गपाठ

(इयत्ता : ५ वी ते ७ वी. विषय : इतिहास व नागरिकशास्त्र, सामान्य विज्ञान, चित्रकला व हस्तव्यवसाय. तासिका : ४)

१. विषयाचे प्रयोजन

खेड्यातील पुष्कळ घरांत पाठ्यपुस्तके व दिनदर्शिका यांखेरीज छापील असे फारसे काही नसते. परंतु ज्या घरात चलनी नोट येत नाही, असे घर सापडणार नाही. उत्तम कागद, उत्तम कोरीव काम आणि उत्तम छपाई यांचा असा संगम सामान्य माणसाच्या हाती दुसऱ्या कोणत्याही वस्तूच्या रूपाने येत नाही. असे असूनही ती नोट आपण मोजतो, घडी घालतो, कनवटीस लावतो. ती वाचीत मात्र नाही. विद्यार्थ्यांस निरीक्षण शिकविण्याचे साधन शोधीत आपण दूर जातो, आणि जे साधन प्रत्येकाच्या घरी आहे तिकडे आपले लक्ष जात नाही.

या विषयाचे महत्त्व केवळ निरीक्षणापुरतेच नाही. आपल्या जिल्ह्यात सोयाबीन व तुरीचा हंगाम आला की घरोघरी रोख पैसा येतो, आणि आठवड्याच्या बाजारात तो हातोहात फिरतो. या फिरत्या पैशात एखादी बनावट नोट शिरली, तर तिचे नुकसान ती करणाऱ्याचे होत नाही. ज्याच्या हाती ती ओळखली जाते त्याचे होते. बँकेत भरणा करताना नोट बनावट आढळली, तर बँक ती जप्त करते, तिच्यावर तसा शिक्का मारते व पोच देते; तिचा मोबदला मात्र मिळत नाही. निंदणीस जाणाऱ्या बाईच्या पदराला बांधलेली पाचशे रुपयांची नोट खोटी निघाली, तर तिची दिवसभराच्या मजुरीहून अधिक कमाई गेली असे समजावे. तिच्या घरातील मूल आपल्या शाळेत येते. त्या मुलाच्या बोटांत व डोळ्यांत पारख आली, तर ती त्या घराची राखण होय.

याची दुसरी बाजूही ध्यानी घेतली पाहिजे. ज्यास पारख नसते, तो खऱ्यासही खोटे म्हणतो. दहा रुपयांच्या नाण्याविषयी मध्यंतरी असेच झाले. नाण्यांवरील चिन्हे निरनिराळी असल्यामुळे काही प्रकार खोटे आहेत अशी अफवा उठली, व अनेक ठिकाणी दुकानदार ते नाणे घेईनासे झाले. शेवटी रिझर्व्ह बँकेस जानेवारी २०१८ मध्ये तोवर निघालेले चौदाही प्रकार वैध आहेत, असे प्रसिद्ध करावे लागले. भोळेपणा आणि अतिसंशय हे दोन्ही अज्ञानाचेच प्रकार आहेत. दोहोंच्या मध्ये पारख उभी आहे, आणि तीच या पाठाचा विषय आहे.

२. प्रारंभ आपल्या जिल्ह्यापासून

पाठाचा आरंभ जवळच्या वस्तूपासून करावा, हे अध्यापनाचे सूत्र आपण जाणतोच. या विषयात तर तशी सोय आपल्या जिल्ह्यातच आहे. मंगरूळपीर तालुक्यातील तऱ्हाळा या गावी १९३९ मध्ये सातवाहन राजांच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. नाणी सुमारे १६०० होती. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी त्यांचा अभ्यास करून ती विद्वानांपुढे मांडली. नाण्यांच्या एका बाजूस सोंड उंचावलेला हत्ती व राजाचे नाव आहे, आणि दुसऱ्या बाजूस नाणेशास्त्रज्ञ ज्यास 'उज्जयिनी चिन्ह' म्हणतात ते चिन्ह आहे. पुराणांतील वंशावळीत न आढळणारी काही राजांची नावे या नाण्यांमुळे उजेडात आली. तऱ्हाळ्याच्या मातीतून निघालेल्या नाण्यांनी इतिहासाच्या पुस्तकात भर घातली, हे ऐकताना विद्यार्थ्यांस आपल्या मुलुखाचा अभिमान वाटल्यावाचून राहणार नाही.

यानंतर विद्यार्थ्यांस एक प्रश्न विचारावा : नाण्यावर राजाचे नाव व चिन्ह कशासाठी घालीत? उत्तर त्यांच्याकडूनच काढावे. धातूचा कोणताही तुकडा नाणे होत नाही. 'हे मी काढले आहे, याची हमी माझी' असे सांगणारी खूण त्यावर लागते. हीच गोष्ट ताम्रपटाची. वाशिम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. या शाखेतील दुसरा विंध्यशक्ती याचा ताम्रपट वाशिम येथे मिळालेला आहे. त्या काळचे असे दानपत्र अनेक पत्र्यांचे असले, तर ते पत्रे भोके पाडून कडीत ओवीत, आणि कडीच्या जोडावर राजमुद्रा बसवीत. मधला एखादा पत्रा कोणी काढू किंवा घालू नये, हा त्यामागील हेतू. आजच्या नोटेत जो सुरक्षेचा विचार आहे, त्याचे बीज येथे दिसते. आधी खूण, मग ती खूण कोणास सहज करता येऊ नये अशी युक्ती, आणि शेवटी ती ओळखणारा मनुष्य, असा हा क्रम आहे.

३. संग्रहालयदर्शन

मुंबई येथे फोर्ट भागात, सर फिरोजशहा मेहता मार्गावर, अमर इमारतीत रिझर्व्ह बँकेने चलनविषयक संग्रहालय स्थापिले. त्याचे उद्घाटन राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या हस्ते १८ नोव्हेंबर २००४ रोजी झाले. प्राचीन नाण्यांपासून कागदी चलनापर्यंतचा प्रवास तेथे क्रमाने मांडला असून, आपली नोट कशी ओळखावी यासाठीही स्वतंत्र मांडणी केलेली आहे. नाशिक-त्र्यंबकेश्वराकडे सहल नेणाऱ्या शाळांस अंजनेरी येथील भारतीय मुद्राशास्त्र संशोधन संस्थेचे नाणेसंग्रहालय वाटेवर पडते. ही संस्था १९८० मध्ये स्थापन झाली. कोठेही जावयाचे असले तरी आधी पत्राने किंवा दूरध्वनीने विचारून दिवस व वेळ निश्चित करून घ्यावी.

सहल नेली म्हणजे दर्शन घडले असे नाही. काचेच्या पेट्यांपुढून मुलांची रांग धावत गेली, तर पाहिलेले सायंकाळपर्यंतही स्मरणात राहत नाही. याकरिता पुढील व्यवस्था करणे इष्ट आहे.

(अ) जाण्यापूर्वी एक तासिका वर्गात घ्यावी, व पुढे दिलेला नोटांचा इतिहास थोडक्यात सांगावा.

(आ) आठ-दहा विद्यार्थ्यांचे गट करावेत. प्रत्येक गटास एकच कालखंड द्यावा.

(इ) प्रत्येक विद्यार्थ्याने एकच वस्तू निवडावी व तिच्यासमोर किमान पाच मिनिटे उभे राहावे. शेजारची माहितीची पाटी उतरवून घेऊ देऊ नये. वस्तू स्वतः काय सांगते ते वहीत लिहावे. कागद एका बाजूस छापला आहे की दोन्ही बाजूंस, लिपी किती, चित्र कोणाचे, अंक कोठे, असे प्रश्न आधीच लिहून द्यावेत.

(ई) परत आल्यावर प्रत्येक गटाने आपला कालखंड इतरांस समजावून सांगावा.

ज्या शाळांस इतक्या दूर जाणे शक्य नाही, त्यांनी निराश होण्याचे कारण नाही. संग्रहालयात भूतकाळ पाहावयास मिळतो; वर्तमानकाळ खिशात आहे. पाचवा व सहावा परिच्छेद अशा शाळांसाठीच मुख्यतः लिहिला आहे.

४. शिक्षकांसाठी : कागदी नोटेचा इतिहास

हा इतिहास सांगताना सनावळीचे पाठांतर न करवता त्यामागील सूत्र दाखवावे. नोट करणारा आणि नोटेची नक्कल करणारा यांच्यातील ही दीर्घ झुंज आहे. एकाने कुलूप करावे, दुसऱ्याने किल्ली शोधावी, मग पहिल्याने नवे कुलूप करावे, असा हा प्रकार आहे.

१८६१ च्या कायद्याने हिंदुस्थानात नोटा काढण्याचा अधिकार सरकारने आपल्याकडे घेतला. पहिल्या नोटांवर राणी व्हिक्टोरियाचे चित्र होते. त्या हाताने बनविलेल्या कागदावर, एकाच बाजूस छापलेल्या असत. त्यांत जलचिन्ह होते, छापील सही होती, आणि प्रत्येक नोटेची नोंद ठेवीत. तरीही त्यांच्या नकला इतक्या निघाल्या, की त्या मागे घेऊन १८६७ पासून नव्या प्रकारच्या नोटा काढाव्या लागल्या. या नोटांच्या सुधारलेल्या रूपात अक्षरांखाली रंगीत नक्षीची छपाई आली, गुंतागुंतीच्या वेलबुट्टीसारख्या रेषा आल्या, आणि जलचिन्हात नागमोडी रेषा आल्या.

त्या काळी नोट देशभर चालत नसे. ज्या चलन-मंडळातून ती निघाली, त्या मंडळातच तिचे रुपये हक्काने मिळत. १९०३ ते १९११ या काळात ५, १०, ५० व १०० रुपयांच्या नोटा सर्वत्र चालू लागल्या. टपालाने नोट पाठविताना ती मधोमध कापून अर्धी आधी पाठवीत, आणि ती पोहोचल्याची वर्दी आली की उरलेली अर्धी पाठवीत. ही रीत मुलांस फार मौजेची वाटते. तिच्यामागील हेतू काय, हे त्यांनाच विचारावे.

पहिल्या महायुद्धात चांदीची टंचाई झाली, तेव्हा ३० नोव्हेंबर १९१७ रोजी एक रुपयाची नोट निघाली. नाशिक येथे १९२८ मध्ये नोटा छापण्यास आरंभ झाला, आणि १९३२ पर्यंत हिंदुस्थानच्या सर्व नोटा तेथे छापल्या जाऊ लागल्या. त्यापूर्वी आपल्या नोटा इंग्लंडात छापून येत. नोटांची छपाई आपल्या देशात प्रथम महाराष्ट्राच्या भूमीत सुरू झाली, ही गोष्ट आवर्जून सांगावी. रिझर्व्ह बँक १ एप्रिल १९३५ रोजी स्थापन झाली, आणि तिची पहिली नोट, पाच रुपयांची, जानेवारी १९३८ मध्ये निघाली. आपल्या जिल्ह्याच्या दक्षिणेस, पैनगंगेपलीकडे, त्या वेळी निजामाचे राज्य होते, व तेथे हैदराबाद संस्थानच्या निराळ्या नोटा व हाली शिक्का चालत असे. गावातील अतिवृद्ध मंडळींकडून त्याविषयी ऐकलेल्या आठवणी मिळाल्यास विद्यार्थ्यांकडून त्या लिहवून घ्याव्यात.

दुसऱ्या महायुद्धात नोट हे युद्धाचे शस्त्र बनले. जपानने दहा रुपयांच्या नोटेच्या हुबेहूब नकला काढल्या. तेव्हा जलचिन्हातील राजाच्या चेहऱ्याची बाजूची आकृती बदलून समोरून दिसणारा चेहरा घातला गेला, आणि कागदात सुरक्षा-धागा ओवण्याची रीत आपल्याकडे प्रथमच सुरू झाली. आज जो धागा आपण नोटेत पाहतो, त्याचा जन्म असा झाला.

स्वातंत्र्यानंतर राजाच्या चित्राची जागा सारनाथच्या सिंहशीर्षाने घेतली. तशी पहिली नोट १९४९ मध्ये एक रुपयाची निघाली. होशंगाबाद येथे १९६८ मध्ये नोटांच्या कागदाची गिरणी सुरू झाली. महात्मा गांधी मालिका १९९६ मध्ये निघाली, आणि नोव्हेंबर २०१६ पासून याच मालिकेचे नवे रूप प्रचारात आले. आज नाशिक, देवास, म्हैसूर व सालबनी या चार ठिकाणी नोटा छापल्या जातात.

नोटेतील कलेविषयीही थोडे सांगावे. नोटेवर माणसाचा चेहरा का घालतात? केवळ सन्मानार्थ नव्हे. मनुष्याचा डोळा चेहऱ्यातील सूक्ष्म फरक जितका चटकन टिपतो, तितका फुलापानांतील टिपीत नाही. गांधीजींच्या चेहऱ्यावरील एक रेषा जरी जाड झाली, तरी पाहणाऱ्यास काहीतरी चुकल्यासारखे वाटते. म्हणून कुशल कारागिराने कोरलेला चेहरा हीच एक सुरक्षा होय. नव्या मालिकेत मागील बाजूस देशाच्या वारशाची चित्रे आहेत : दहावर कोणार्क, वीसवर आपल्या महाराष्ट्रातील वेरूळ, पन्नासवर हंपी, शंभरावर राणी की वाव, दोनशेवर सांची व पाचशेवर लाल किल्ला. मागील बाजूसच पंधरा भाषांत नोटेचे मूल्य लिहिलेले असते. त्यांत मराठी ओळ शोधून काढणे, हा लहान विद्यार्थ्यांस आवडणारा खेळ आहे.

५. वर्गपाठ : बोट, उजेड, कल

शिक्षकांनी आपल्याजवळील १००, २०० व ५०० रुपयांची नव्या मालिकेतील एकेक नोट वर्गात आणावी. विद्यार्थ्यांस घरून नोट आणावयास सांगू नये; हरवल्यास घरी बोलणी बसतील, आणि ज्याच्या घरी नोट देण्यासारखी नाही त्याचा मुखभंग होईल. भिंग असल्यास उत्तम.

पहिली परीक्षा, बोट. शंभर व त्यावरील नोटांवर गांधीजींचे चित्र, अशोकस्तंभाचे चिन्ह व कडेच्या तिरप्या रेषा उठावाच्या असतात. कोरलेल्या पत्र्याच्या खाचांत शाई भरून, त्यावर कागद जोराने दाबून ही छपाई करतात. त्यामुळे शाई कागदावर उभी राहते. डोळे मिटून बोटाने ती चाचपावी. शंभरावर कडेस चार रेषा व उठावाचा त्रिकोण आहे. दोनशेवर चार रेषा, त्यांमध्ये दोन वर्तुळे व 'एच्' हे रोमन अक्षर आहे. पाचशेवर पाच रेषा व उठावाचे वर्तुळ आहे. या खुणा मुख्यतः अंध बंधुभगिनींसाठी आहेत. वर्गात दृष्टिबाधित विद्यार्थी असल्यास या परीक्षेत त्यासच पुढारी करावे. या कामी त्याचे बोट इतरांहून तरबेज ठरेल. अशा व्यक्तींसाठी रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२० मध्ये 'मनी' नावाचे मोबाइलवरील साधन काढले आहे. ते नोट कितीची आहे एवढेच सांगते, खरी की खोटी हे सांगत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

दुसरी परीक्षा, उजेड. नोट खिडकीकडे धरावी. कोऱ्या दिसणाऱ्या जागी गांधीजींची आकृती व नोटेचा अंक उमटतो. हे जलचिन्ह छापलेले नसते; कागद तयार होतानाच कोठे पातळ, कोठे जाड ठेवून ते घडविलेले असते. विद्यार्थ्यांस पापडाचा दाखला द्यावा. पापड उन्हाकडे धरला असता पातळ भाग उजळ व जाड भाग काळसर दिसतो, तसेच हे आहे. सुरक्षा-धागा समोरून तुटक दिसतो, पण उजेडात सलग दिसतो, आणि त्यावर 'भारत' व रिझर्व्ह बँकेची रोमन आद्याक्षरे असतात. याशिवाय समोरील बाजूस अंकाचे काही तुकडे व मागील बाजूस उरलेले तुकडे छापलेले असतात. उजेडाकडे धरताच ते जुळून पूर्ण अंक होतो.

तिसरी परीक्षा, कल. नोट डोळ्यांसमोर हळूहळू तिरपी करावी. या तिन्ही नोटांवरील धाग्याचा हिरवा रंग निळा होतो. दोनशे व पाचशेच्या नोटांवर उजव्या बाजूस खाली रुपयाच्या चिन्हासह असलेला अंकही तसाच रंग बदलतो. नोट डोळ्यांच्या पातळीस आडवी धरली असता एरवी न दिसणारा अंक दिसू लागतो. शेवटी नोटेचा क्रमांक पाहावा. त्यातील आकडे डावीकडून उजवीकडे मोठे होत जातात.

विद्यार्थ्यांकडून 'बोट, उजेड, कल' हे तीन शब्द पाठ करवून घ्यावेत, आणि एका खुणेवर कधीही निवाडा करू नये हे बिंबवावे. नोट भिजलेली, मळलेली किंवा झिजलेली असली, तर एखादी खूण पुसट होऊ शकते. शंभराची जुनी, मागे हिमालयाचे चित्र असलेली नोटही चालतेच. ती नव्या नोटेसारखी दिसत नाही म्हणून खोटी ठरत नाही. क्रमांकात चांदणी असलेली नोटही खरीच असते. छपाईत बिघडलेल्या नोटेच्या बदली ती काढलेली असते. नोटेवर कोणी काही लिहिले असले तरी तिचे मूल्य जात नाही. मात्र तिचे आयुष्य कमी होते, म्हणून आपण लिहू नये.

६. हाताने करून पाहण्याचे प्रयोग

नोटेची नक्कल वर्गात कोणत्याही कारणासाठी करू नये. यंत्रावर तिची प्रत काढू नये, हुबेहूब चित्रही काढवू नये. नोटेसारखा दिसणारा कागद तयार करणे किंवा वापरणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १८२ प्रमाणे अपराध आहे; ही संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली आहे. गणिताच्या पाठासाठी पैसे हवे असल्यास रंगीत पुठ्ठ्याच्या चकत्या करून त्यांवर अंक लिहावेत. नोटेमागील युक्त्या मात्र पुढील प्रयोगांनी समजावून देता येतात.

(अ) ओला कागद. एक कागद पाण्यात भिजवून पाटीवर पसरावा, त्यावर कोरडा कागद ठेवून कठीण शिसपेन्सिलीने दाबून आपले नाव लिहावे. वरचा कागद काढला की खालच्या ओल्या कागदावर नाव दिसते. वाळला की नाहीसे होते. पुन्हा भिजविला की उमटते. खरे जलचिन्ह याहून निराळ्या रीतीने घडते. परंतु कागदाच्या तंतूंतच खूण लपविता येते, हे तत्त्व यावरून कळते.

(आ) दोन बाजूंचे चित्र. कागदाच्या एका बाजूस सूर्यफुलाच्या एकाआड एक पाकळ्या काढाव्यात, आणि उजेडाकडे न धरता, केवळ अंदाजाने, उरलेल्या पाकळ्या मागील बाजूस काढाव्यात. नंतर खिडकीकडे धरून पाहावे. बहुतेकांचे फूल वेडेवाकडे होईल. दोन बाजू केसाचेही अंतर न सुटता जुळविणे किती कठीण आहे, हे मग सांगावे लागत नाही.

(इ) घड्यांचा कागद. कागदास पंख्यासारख्या उभ्या घड्या घालून डावीकडील उतार तांबड्या व उजवीकडील उतार निळ्या खडूने रंगवावेत. डावीकडून पाहिले तर तांबडे व उजवीकडून पाहिले तर निळे दिसते. उठावाच्या रेषांच्या दिशा बदलून नोटेत अंक कसा लपवितात, याची कल्पना येथून येते.

(ई) परकाराची नक्षी. एका वर्तुळाच्या परिघावर केंद्र सरकवीत वर्तुळांची जाळी काढावी. दुसऱ्या दिवशी तीच जाळी, मूळ कागद न पाहता, पुन्हा काढावयास सांगावी. दोन्ही शेजारी ठेवून फरक मोजावेत. नक्षी गुंतागुंतीची का ठेवतात, याचे उत्तर विद्यार्थी आपणहून देतील.

७. सर्वांत अवघड प्रश्न

पाठ नीट झाला, तर कोणीतरी विद्यार्थी एक प्रश्न विचारील, आणि त्याचे उत्तर टाळून चालणार नाही. तो म्हणेल, "गुरुजी, घरी खोटी नोट निघाली तर काय करायचे? आजी म्हणते, बाजाराच्या गर्दीत चालवून टाकावी."

या प्रश्नाकडे रागाने पाहू नये. आजी अप्रामाणिक आहे असे समजू नये. ती स्वतःच फसविली गेली आहे, आणि तिचे नुकसान भरून देणारे कोणी नाही. ही तिची अडचण प्रथम मान्य करावी. त्यानंतर विद्यार्थ्यांस विचारावे : बाजाराच्या गर्दीत ती नोट कोण घेईल? ज्याला निरखून पाहण्यास सवड आहे, तो घेणार नाही. अंधार पडताना भाजीची टोपली आवरणारी, डोळ्यांनी अधू झालेली, दुसरी एखादी आजीच ती घेईल. म्हणजे एका आजीचे दुःख दुसऱ्या आजीच्या पदरात गेले. खोटी नोट करणारा मात्र तसाच सुरक्षित राहिला. हे विद्यार्थ्यांच्या तोंडून आले, तर उपदेशाची गरज उरत नाही.

कायदाही समजावून द्यावा. नोट बनावट आहे हे ठाऊक असताना ती खरी म्हणून चालविणे हा गंभीर अपराध आहे. नकळत हाती आलेली नोट बँकेत नेणाऱ्यास मात्र भिण्याचे कारण नाही. एका भरण्यात चारपर्यंत बनावट नोटा आढळल्या, तर बँक महिन्याच्या अखेरीस पोलिसांस एकत्रित अहवाल पाठविते. पाच किंवा अधिक आढळल्या, तरच पोलिसांकडे लगेच गुन्हा नोंदविला जातो. नोट जप्त केल्याची पोच मागून घ्यावी. तो आपला हक्क आहे. पैसे परत मिळत नाहीत हे स्पष्ट सांगावे; खोटा दिलासा देऊ नये. म्हणूनच खरा उपाय घेण्याच्या क्षणी आहे. माल देण्यापूर्वी, व्यवहार पुरा होण्यापूर्वी नोट पाहावी, संशय आल्यास नम्रपणे दुसरी मागावी. नोट निरखून पाहणे हा समोरच्याचा अपमान नव्हे, ही सवय आपल्या समाजात रुजली पाहिजे.

८. स्वाध्याय व मूल्यमापन

(१) तऱ्हाळ्याच्या नाण्यावरील राजाचे नाव आणि आजच्या नोटेवरील गव्हर्नरची सही यांत साम्य कोणते?

(२) सुरक्षा-धागा आपल्या नोटेत कोणत्या प्रसंगामुळे आला?

(३) जलचिन्ह छापता येत नाही, याचे कारण पापडाच्या उदाहरणाने लिहा.

(४) 'बोट, उजेड, कल' या तीन परीक्षा घरातील वडीलधाऱ्यांस करून दाखवा. त्यांना कोणती खूण आधीपासून ठाऊक होती व कोणती नव्हती, ते वहीत लिहा.

(५) दहा रुपयांचे नाणे नाकारणाऱ्या दुकानदाराशी तुम्ही कसे बोलाल? संवाद लिहा.

चौथ्या स्वाध्यायास सर्वाधिक महत्त्व द्यावे. संग्रहालयात पाहिलेले अथवा वर्गात शिकलेले ज्ञान त्या दिवशी घरी पोहोचते, आणि मूल आपल्या आजीस शिकविते. पाठाचे यश लेखी उत्तरांवरून न मोजता पुढल्या बाजाराच्या दिवशी किती घरांत नोट उजेडाकडे धरली गेली, यावरून मोजावे. हा पाठ ज्या शाळा घेतील, त्यांनी आलेले अनुभव व विद्यार्थ्यांनी विचारलेले प्रश्न केंद्राच्या शिक्षण परिषदेत मांडावेत, म्हणजे इतर शाळांसही त्यांचा उपयोग होईल.